पेन्सिलीतलं रीडिंग

संचालक झाल्यावर मी पहिलं काम केलं ते रद्दीची गाडी अडवण्याचं.

आमच्या वैनगंगा विद्यापीठ समूहात पाच परिसर आणि सहाशे चाळीस महाविद्यालयं येतात. त्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात एक खोली अशी असते, की तिची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. आत प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्या, प्रकल्पांच्या नोंदवह्या, फुटके ब्युरेट आणि एखादं लंगडं स्टूल. २०४१ च्या एप्रिलमध्ये असल्या वह्यांचा पहिला ट्रक भरून निघाला आणि मी फाटकात जाऊन उभी राहिले. 'डॉ. सुलक्षणा गावंडे, संशोधन व नवोपक्रम संचालक' अशी पाटी माझ्या दारावर लागून आठच दिवस झाले होते. ड्रायव्हरला या हुद्द्याची बाई नेमकं काय करते ते कळेना.

"मॅडम, लगदा होणार आहे त्याचा," तो म्हणाला.

"म्हणूनच उभी आहे," मी म्हटलं.

बाई तऱ्हेवाईक आहे, असं लोक म्हणाले. ते खोटं नाही. पण मला त्या वह्या हव्या होत्या, कारण आमच्या चंद्रपूर परिसरात डॉ. नौशीन काझी नावाच्या बत्तीस वर्षांच्या एका मुलीने खोडलेलं वाचणारं यंत्र तयार केलं होतं.

त्यामागचं विज्ञान सोपं आहे. पेन्सिलीने लिहिताना कागदावर दोन गोष्टी घडतात. शिशाची पूड कागदाच्या तंतूंत अडकते आणि टोकाच्या दाबाने बारीक चर पडतो. रबराने वरवरची पूड जाते, तंतूंतली सगळी जात नाही, आणि चर तर मुळीच जात नाही. नौशीनच्या यंत्रात पानावर बारा बाजूंनी अगदी तिरपा प्रकाश पडे. त्यात चरांच्या सावल्या टिपल्या जात. मग डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वरच्या शाईतून आरपार जाऊन उरलेली पूड शोधून काढे. पान उलटावं तसा शाईखालचा आकडा वर येई.

यंत्राचा दुसरा भाग आकडेशास्त्राचा. खरं मोजमाप थोडं वेडंवाकडं असतं. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा ते जरा जास्तच शहाण्यासारखे वागतात. शेवटी शून्य किंवा पाच आलं तर लबाडी उघडी पडेल या भीतीने तो तीन आणि सात जास्त लिहितो, एकच अंक लागोपाठ लिहायला कचरतो. अशी हजारो पानं पाहिल्यावर यंत्राला मनाचा आकडा आणि मोजलेला आकडा वेगळे ओळखता येऊ लागले. नौशीनने त्याचं नाव ठेवलं 'पडताळा'.

आणि मनाच्या आकड्यांना आमच्याकडे काय तोटा! आमच्या वेळी त्याला 'जुळवणं' म्हणत. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या जवळपास यायला हवं. हातात लंबक आहे, घड्याळ आहे, आणि उत्तर येतंय आठशे सत्तर. बाहेर घंटा वाजते. मग पुस्तकातल्या उत्तरापासून उलटं गणित करत मागे जायचं आणि त्याला शोभतील अशी रीडिंग्ज लिहायची. कच्चं रीडिंग आधी पेन्सिलीने घेत. सरांनी शेजारी 'ठीक' लिहिलं की मग त्यावर शाई. त्यामुळे पेन्सिल आणि शाई यांच्यामधल्या त्या थोड्या वेळात आमच्या भागातलं कितीतरी खरं विज्ञान रबराच्या कचऱ्याबरोबर फुंकरीने उडून गेलं. पुस्तकाबाहेरचा प्रत्येक आकडा चुकीचाच असतो असं थोडंच आहे? त्यातला हजारात एखादा नवा असतो.

तो एक मला हवा होता.

प्राध्यापक संघटनेने माझ्या दारात धरणं धरलं. अशाने निम्मे विभागप्रमुख तोंड लपवत फिरतील, असं त्यांचं म्हणणं. मी सगळ्यांना चहा पाजला आणि एक नियम लिहून दिला: नाव बंद, आकडा उघडा. वहीचं पहिलं पान यंत्र वाचणारच नाही. वही कोणाची हे त्या माणसाने स्वतः सांगितलं तरच उघड होईल. या नियमाचं खूप कौतुक झालं, दोन-तीन विद्यापीठांनी तो उचललाही. तो लिहिताना माझ्या मनात नेमकं कोणाला झाकायचं होतं, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

पहिल्या वर्षात पडताळ्याने चार लाख वह्या वाचल्या. १९९८ सालच्या एका वहीतून तुरीच्या मुळांवरचे कमी पाण्यात तग धरणारे जिवाणू निघाले. कोणीतरी 'अशक्य' म्हणून ते रीडिंग खोडलं होतं. आज ते जिवाणू शेतात आहेत. माझं नाव कुलगुरूपदासाठीच्या पाच जणांच्या यादीत गेलं. मी नवीन दोन साड्या घेतल्या. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

मग आलं प्रकरण क्रमांक दोनशे चौदा.

२०४२ च्या सप्टेंबरमध्ये नौशीन माझ्या खोलीत जवळजवळ धावतच आली. तिने पडद्यावर एक पान लावलं. आमच्याच यवतमाळ भागातल्या एका महाविद्यालयातली, एम.एस्सी. रसायनशास्त्राची २००६ सालची प्रकल्पाची वही. विषय होता मडक्याच्या खापराने पाण्यातलं फ्लोराइड काढणं.

आमच्याकडे काही गावांत खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. थोडं असलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. जास्त असलं तर ते वर्षानुवर्षं हाडांत साठत जातं आणि वाढत्या वयातल्या मुलांचे पाय वाकतात. आता नळयोजना आहेत, पण उन्हाळ्यात धरण आटलं की गाव पुन्हा त्याच हातपंपावर येतं. गाळण्या पुष्कळ निघाल्या, पण प्रत्येक गाळणी काही दिवसांनी भरते आणि मरते. मग ती कोपऱ्यात पडून राहते.

"हे बघा मॅडम," नौशीन म्हणाली. "खापराचा चुरा, त्यातून पाणी सोडायचं, मग चुरा धुवून वाळवून पुन्हा वापरायचा. अशा आठ खेपा. खापराने ओढलेल्या फ्लोराइडचा शाईतला आलेख प्रत्येक खेपेला खाली जातो. पुस्तकात आहे तसाच. आता शाई काढते."

पाचव्या खेपेपर्यंत पेन्सिल आणि शाई एकच होती. दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक आठ, एक पूर्णांक सहा, एक पूर्णांक पाच असं उतरत गेलेलं. सहाव्या खेपेला शाई म्हणत होती एक पूर्णांक तीन आणि तिच्याखालची पेन्सिल म्हणत होती एक पूर्णांक नऊ. सातव्या खेपेला दोन पूर्णांक सहा. आठव्या खेपेला तीन पूर्णांक एक. प्रत्येक ग्रॅम खापर पहिल्या दिवसापेक्षाही जास्त फ्लोराइड ओढत होतं.

"ही गाळणी मरत नाही, मॅडम. वापरली की जिवंत होते." तिचे डोळे चमकत होते. मग ती हसून म्हणाली, "आणि ज्याने कोणी जुळवलंय ना, त्याचं अक्षर काय सुंदर आहे! मोत्यासारखं."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते अक्षर माझं होतं.

प्रकल्प दोघांत मिळून असे. माझा जोडीदार सुधाकर आत्राम, केळापूरकडच्या सावरटोल्याचा. सगळ्या वर्गात कमी बोलणारा आणि सगळ्यात नेमका. तराजूसमोर बसला की श्वास रोखून धरायचा, पारड्याला वारा लागू नये म्हणून. विषय त्यानेच आणला होता. त्याची बहीण मैना बारा वर्षांची होती आणि तिचे पाय गुडघ्यापासून बाहेरच्या बाजूला वाकू लागले होते. खापरही त्याच्याच गावच्या कुंभाराचं. तो रीडिंग घ्यायचा, मी शाईने लिहायची. मला तो आवडत असे. हे मी त्याला सांगितलं नाही, आणि नंतर सांगण्याचं तोंडच राहिलं नाही.

शेवटच्या तीन खेपांची रीडिंग्ज पेन्सिलीत लिहून सुधाकर गावी गेला, मैनाला ताप होता म्हणून. मी वही मार्गदर्शक मोहरील सरांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "गावंडे, चप्पल चालून चालून झिजते की जाड होते? परत घ्या." परत घ्यायला तीन दिवस लागले असते, आणि बाहेरचे परीक्षक परवा येणार होते. मी रबर घेतलं. पाच मिनिटांत आलेख सुबक उतरता झाला. सरांनी 'ठीक' लिहिलं.

सुधाकर थेट तोंडी परीक्षेलाच पोचला, एस.टी.तून उतरून. परीक्षकांनी विचारलं, "आठव्या खेपेला किती आलं?" तो म्हणाला, "तीन पूर्णांक एक." परीक्षकांनी वहीकडे पाहिलं. वहीत एक पूर्णांक एक होतं. "स्वतः काम केलंय का तुम्ही?" त्याने वाकून वही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नखांकडे पाहत होते. तो म्हणाला, "माझीच चूक असंन, सर."

मला पहिला वर्ग मिळाला, पीएच.डी.ला जागा मिळाली. त्याला प्रकल्पात जेमतेम पास केलं, आणि पुढच्या कुठल्याही दारातून तो आत येऊ शकला नाही. त्यानंतर मी त्याला एकदाही भेटले नाही. सदतीस वर्षं झाली.

नौशीनने प्रयोग पुन्हा केला. सावरटोल्याजवळची माती, तशीच भट्टी, तसाच चुरा, वहीत लिहिल्याप्रमाणे ऊर्ध्वपातित पाण्याने धुणं. आलेख खाली गेला. दुसऱ्यांदा केला, खालीच. फेब्रुवारीपर्यंत तिने अकरा वेळा केला. प्रत्येक वेळी तो शाईतला आलेख निघाला, माझा.

अकराव्या वेळेनंतर ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, दोनशे चौदा बंद करू या. कदाचित पेन्सिलच चुकली असेल."

"काहीतरी राहिलं असेल," मी म्हटलं. "जे वहीत लिहिलेलं नाही."

"ते फक्त ज्याने खापर धुतलं त्यालाच माहीत. आणि नाव तर बंद आहे." ती जरा थांबली. "तुमचाच नियम आहे."

तिला काही माहीत नव्हतं. तिने अगदी सहज म्हटलं होतं, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी 'बंद करा' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. यादीतलं नाव यादीत राहिलं असतं. हातपंपाचं पाणीही जसं होतं तसंच राहिलं असतं. हा विचार मी पुरते दोन दिवस केला, हे इथे लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

सुधाकरचं दुकान पांढरकवड्याच्या बाजारपेठेत होतं. 'वजनकाटे दुरुस्ती व पडताळणी, परवानाधारक.' बाजारातल्या लोकांनी मला आधीच सांगितलं होतं, की आत्रामने तपासलेल्या काट्याशी कोणी हुज्जत घालत नाही. तो एका उघड्या काट्यावर वाकला होता. केस पांढरे, डोळ्याला भिंग. पारड्यावर वजन ठेवताना त्याने श्वास रोखून धरला, आणि मी दारातच ओळखलं.

"या, मॅडम. कोन्ता काटा हाय?"

"काटा नाही, सुधाकर. मी सुलक्षणा."

त्याने भिंग काढलं. ते फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "गावंडे? बस ना. काऊन उभी हायेस?" आणि आत वळून, "मैने, पाहाय कोन आलं!"

आत खालच्या गादीवर बसून एक पन्नाशीची बाई पितळी वजनं मऊ फडक्याने पुसत होती. पाय वाकडे, एका बाजूला घेतलेले. शेजारी कुबड्या. तिने मान वर केली आणि तोंडभर हसली. "मोती अक्षरवाल्या बाई काय, दादा?"

मी भिंतीकडे पाहिलं. वजनांच्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. 'दोनशे ग्रॅम.' 'पाचशे ग्रॅम.' 'एक किलो.' अक्षर माझंच होतं. 'श'ची गाठ, 'क'चा वळसा, सगळं माझं.

"शाळा लांब, मले चालनं होये ना," मैना म्हणाली. "दादानं तुमची एक वही आनली होती घरी. तिच्यावर पाहू पाहू मी लिहाले शिकलो. चांगलं हाय ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. बोलायचं होतं ते सगळं एका दमात बोलून टाकलं. रबर, मोहरील सर, पाच मिनिटं, माझी नखं. "तुझं रीडिंग मी खोडलं, सुधाकर. तुझं आयुष्य खोडलं. सदतीस वर्षं मला ठाऊक होतं, की तू माझा राग करत असशील."

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला.

"राग? तुया?" तो म्हणाला. "अवं, मीच तं तोंड लपवून रायलो तुयापासून! प्रोजेक्ट तं मी खराब केलं होतं."

"म्हणजे?"

"शेवटच्या तीन खेपा डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्याच नोयत्या मी. आठवते, तेव्हा लोडशेडिंग किती होतं? बारा-बारा घंटे लाइन नाई. डिस्टिलेशनचं यंत्र बंद. इकडे मैनाच्या तापाचा निरोप आलेला, थांबाले टाइम नाई. मंग होस्टेलच्या विहिरीचं पानी घेतलं." त्याने मान खाली घातली. "अन् वहीत डिस्टिल्ड वॉटरच लिहिलं. छापील रकाना तसाच होता ना. परीक्षकानं इचारलं तवा मले वाटलं, विहिरीच्या पान्यानं रीडिंग बिघडलं, अन् तुनं बिचारीनं ते सावरून घेतलं. म्हनून म्हनलं, माझीच चूक. मंग इचार केला, आपुन खोटं लिहिनारा मानूस, आपल्याले सायन्स कायले पायजे? काटे बरे. काट्यासमोर खोटं चालत नाई."

त्याने एक रकाना खोटा लिहिला होता, मी तीन. आणि त्या लाजेपायी दोघांनी एकमेकांना एक पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं. एक पत्र पुरलं असतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सुधाकर, ती होस्टेलची विहीर. तिच्या पाण्यात डाळ शिजायची का रे?"

"कायची शिजते! साबनाले फेस येत नोयता."

पाच खेपा शुद्ध पाण्याच्या आणि आलेख खाली. तीन खेपा क्षाराच्या पाण्याच्या आणि आलेख वर. मी त्याच्या बिलाच्या कागदामागेच त्याला मांडून दाखवलं. कुंभार मातीत शेणाची राख मिसळतो. राखेत फॉस्फेट असतं. विहिरीच्या त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. दोन्ही भेटले की खापराच्या अंगावर बारीक कणांचा एक थर उगवतो, आणि तो थर म्हणजे आपल्या हाडांत असतो तोच पदार्थ. फ्लोराइडला हाडाची ओढ असते, म्हणून तर ते माणसाच्या शरीरात शिरून तिथेच जाऊन बसतं. इथे त्याला बसायला खापरावरच हाड मिळालं. प्रत्येक धुण्याबरोबर नवं हाड, नवी जागा.

सुधाकरने कागद हातात धरला. त्याने मैनाच्या पायांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. मैनाच्या ते लक्षात आलं.

"मायावाले तं तेव्हाच वाकले होते, दादा," ती शांतपणे म्हणाली. "मंगच्या पोरायचे वाचले असते." आणि पुन्हा वजन पुसायला लागली. तिने हे दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं, पण सदतीस वर्षांत आम्हाला याहून मोठी शिक्षा कोणी देऊ शकलं नसतं.

निघताना मी म्हटलं, "मी माझं नाव उघडणार आहे. तुझं तू ठरव."

"माझंबी उघड," तो म्हणाला. "विहिरीच्या पान्यासकट."

विज्ञान दिनाच्या सभेत पाचही परिसरांचे लोक होते. माझं भाषण 'नवोपक्रमाची दिशा' या विषयावर छापलेलं होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि पडद्यावर दोनशे चौदाची वही लावली. म्हटलं, पेन्सिल सुधाकर आत्राम यांची, शाई माझी. सगळं सांगितलं. नौशीन पहिल्या रांगेत होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कुलगुरूपदाच्या यादीतून नाव काढून घेतलं आणि माझ्याविरुद्धच्या चौकशीच्या फाईलवर स्वतःच सही करून ती पुढे पाठवली. समितीने माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला आणि महिनाअखेर संचालकपद सोडायला सांगितलं. योग्यच केलं. कोणी मला धीट म्हणालं, कोणी नाटकी. नौशीन चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "मोत्यासारखं अक्षर म्हणाले होते मी. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" ती माझ्यासमोर बसून रडली आणि मग तिनेच दोन कप चहा मागवला.

नंतर झालं ते मला अपेक्षित नव्हतं. पत्रं यायला लागली. कोणी निवृत्त प्राचार्य, कोणी औषध कंपनीतला, कोणी दोन मुलांची आई. 'माझी वही, साल अमुक, प्रयोग तमुक, नाव उघडावं. रीडिंग मी खोडलं होतं.' धरणं धरणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांचं पत्र तिसऱ्याच दिवशी आलं, चांगलं चार पानी. महिन्याभरात तीनशे पत्रं झाली. जे यंत्राला वाचता येत नव्हतं ते लोक आपणहून सांगत होते: वीज गेली होती, थर्मामीटर फुटला होता, पाणी तळ्यातलं घेतलं होतं. पडताळ्याला आकडा सापडायचा, त्यामागची हकीकत माणसालाच द्यावी लागे.

माझ्या खुर्चीतल्या शेवटच्या दहा दिवसांत आम्ही दोनशे चौदा पुन्हा लावलं, बाराव्यांदा. सुधाकर आणि मैना परिसराच्या अतिथिगृहात राहायला आले. होस्टेल कधीच पडलं होतं, पण विहीर होती. तिचं पाणी कॅनमधून आणलं. रोज एक खेप. पहिल्या पाच खेपा शुद्ध पाण्याने, आलेख खाली. सहाव्या दिवशी विहिरीचं पाणी वापरलं आणि आलेख किंचित उचलला. सातव्या दिवशी आणखी वर. त्या दिवशी कोणाला जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेत उभं राहायला जागा नव्हती. नौशीनकडे आकडा थेट पडद्यावर दाखवणारी उपकरणं होती, पण मी हट्टाने जुन्या पद्धतीची वही ठेवली होती. छापील रकान्यात 'ऊर्ध्वपातित' होतं, ते खोडून मैनाने शाईत 'विहिरीचं पाणी' लिहिलं. सुधाकर मीटरसमोर बसला. श्वास रोखला. मग पेन्सिल उचलली आणि लिहिलं.

दोन पूर्णांक सात.

पहिल्या दिवसाच्या दोन पूर्णांक चारपेक्षा जास्त. गाळणी जिवंत होती. मागे कोणीतरी टाळी वाजवली, पण नौशीन जुन्या वहीच्या पानाकडे पाहत होती. तिथे तीन पूर्णांक एक होतं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तीन पॉइंट एक यायला हवं होतं. एकदा परत घेऊन बघू या?"

टेबलावर पेन्सिलीशेजारी रबर ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं कोण जाणे, सवयीने ठेवलं असेल. सुधाकरने माझ्याकडे पाहिलं, तोंडी परीक्षेच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. या वेळी मी नजर खाली घातली नाही.

"परत उद्या घेऊ," मी म्हटलं. "नव्या पानावर."

मी दोन पूर्णांक सातच्या शेजारी 'ठीक' लिहिलं. मग शाईचं पेन घेतलं आणि त्याच्या आकड्यावरून सावकाश फिरवलं. हात कापत होता. दोनची शेपटी लांबली, सात तिरका झाला.

मैना कुबडीवर रेलून वाकून पाहत होती. "बाई," ती म्हणाली, "तुमचं अक्षर तं बिघडलं."

"हो," मी म्हटलं. "पण आकडा बरोबर आहे."